जुन्या इलेक्ट्रिक गाडीला एडास बसवायचंय? आधी हे ऐका

आपल्या पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बऱ्याच जणांनी मेसेज केला होता की प्रवासात नेटवर्क जातं आणि नेमकं कामाचं वाक्य अडकतं. म्हणून हा भाग वाचायलाही देतोय. बोलताना मध्येमध्ये आलेले 'म्हणजे' आणि 'अ‍ॅक्च्युअली' काढलेत, बाकी बोललो तसंच आहे.

आजचा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांनी विचारलाय आणि खरं सांगायचं तर मी स्वतःलाही विचारलाय. माझ्याकडे जुनी इलेक्ट्रिक गाडी आहे. नव्या गाड्यांमध्ये असतं ते एडास, म्हणजे समोर काही आलं की इशारा देणारं आणि वेळ पडली तर ब्रेक मारणारं तंत्रज्ञान, माझ्या गाडीत बाहेरून बसवता येईल का?

छोटं उत्तर: इशारा देणारं बसवता येतं. ब्रेक मारणारं येत नाही, आणि कोणी बसवून देतो म्हणाला तर बसवू नका. आता मोठं उत्तर.

कळंबजवळची ती ट्रॉली

माझी गाडी २०२० सालची आहे, सेकंड हँड घेतलेली. आईला दर तीन आठवड्यांनी नागपूरला दवाखान्यात न्यावं लागतं. यवतमाळ, कळंब, देवळी, वर्धा, बुटीबोरी, नागपूर असा रस्ता. सकाळी जायचं, दाखवायचं, गाडी चार्ज करायची आणि परत यायचं. परतायला अंधार होतोच.

डिसेंबरातली गोष्ट. संध्याकाळचे साडेसात झाले असतील. वर्धा नदी ओलांडली, कळंबही मागे पडलं. समोरून एक ट्रक अप्पर लावून येत होता, त्याच्या उजेडात दोन सेकंद काहीच दिसलं नाही. तो ट्रक बाजूने गेला आणि माझ्यासमोर एकदम एक भिंत उभी राहिली. कापसाने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली. मागे लाइट नाही, रेडियम नाही. कापूस फुगून बाहेर आलेला, त्यावर टाकलेल्या मळक्या ताडपत्रीने मागची बाजू झाकलेली. मी ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो. गाडी थांबली तेव्हा मध्ये जेमतेम एका माणसाला उभं राहता येईल एवढी जागा होती.

आई काहीच बोलली नाही. घर आल्यावर फक्त म्हणाली, "पुढच्या वेळी एसटीनं जाऊ."

त्या रात्री मी मोबाइलवर शोधायला बसलो. तुमच्यातले बरेच जण असंच कुठलं तरी कारण घडल्यावर शोधायला बसले असणार. कारण हा आपल्या रोजच्या रस्त्याचा प्रश्न आहे. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. यवतमाळ जिल्ह्यातल्या रस्त्यांवर कापसाच्या हंगामात ट्रॉल्या असतात, वणीकडे कोळशाचे ट्रक, पांढरकवड्याकडे जंगल, आणि रोही व रानडुकरं तर सगळीकडेच. इथे रात्री गाडी चालवणाऱ्याला एक जादा डोळा हवा असं वाटणं अगदी साहजिक आहे.

एडासचे तीन भाग: बघणं, ठरवणं, करणं

एडास हे एक यंत्र नाही. अ‍ॅडव्हान्स्ड ड्रायव्हर असिस्टन्स सिस्टीम या नावाखाली बऱ्याच सोयी येतात. पण प्रत्येक सोयीत तीन कामं असतात.

पहिलं बघणं. समोरच्या काचेवरचा कॅमेरा, बंपरमधला रडार. दुसरं ठरवणं. समोरची वस्तू काय आहे, किती लांब आहे, याच वेगाने गेलो तर किती सेकंदांत धडकू, हा हिशोब. तिसरं करणं. म्हणजे शिट्टी वाजवणं, किंवा ब्रेक दाबणं, किंवा स्टिअरिंग वळवणं.

जुन्या गाडीत बाहेरून बसवायचं म्हटलं तर पहिली दोन कामं सोपी आहेत. कॅमेरा काचेला चिकटतो, हिशोब करणारी चिप त्याच डबीत असते. सगळं अडतं ते तिसऱ्या कामात.

भारतात हे तंत्रज्ञान मोठ्या प्रमाणावर दिसायला लागलं ते २०२० च्या शेवटी आलेल्या ग्लॉस्टर आणि २०२१ मध्ये आलेल्या एक्सयूव्ही ७०० या गाड्यांपासून. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या नेक्सॉन ईव्ही आणि झेडएस ईव्ही या दोन्ही इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये तेव्हा एडास नव्हतं. म्हणजे आज सेकंड हँड बाजारात परवडणाऱ्या भावात मिळणाऱ्या बहुतेक ईव्ही एडासच्या आधीच्या पिढीच्या आहेत. म्हणून हा प्रश्न आपल्याकडे आत्ता पडतोय.

गाडीला ब्रेक दाबणारा पाय आहे का?

लोकांना वाटतं, इलेक्ट्रिक गाडी म्हणजे चाकांवरचा कॉम्प्युटर. मग सॉफ्टवेअर टाकलं की झालं! यात थोडं तथ्य आहे. ईव्हीचं अ‍ॅक्सिलरेटर इलेक्ट्रॉनिकच असतं. तुमचा पाय कोणतीही केबल ओढत नाही, फक्त सेन्सरला सांगतो की एवढी ताकद हवी. स्टिअरिंगलाही मदतीला इलेक्ट्रिक मोटर असते.

पण ब्रेक? साध्या गाडीत ब्रेकचं ऑइल दाबायचं काम तुमचा पाय करतो, बूस्टर त्याला जोर देतो. आता म्हणाल, एबीएस आहे ना, तेही ब्रेकच सांभाळतं. बरोबर. पण एबीएसचं काम उलटं आहे. चाक घसरायला लागलं की ते दाब क्षणभर सैल करतं, पुन्हा देतं, पुन्हा सैल करतं. साधं एबीएस तुमचा पाय सैल करतं, तुमच्या वतीने पाय दाबत नाही. स्वतःहून दाब तयार करायला ईएससी म्हणजे स्थिरता सांभाळणारी यंत्रणा लागते, किंवा इलेक्ट्रॉनिक ब्रेक बूस्टर लागतो. जुन्या स्वस्त व्हेरियंटमध्ये यातलं काहीच नसेल, तर कॅमेऱ्याने कितीही ओरडून सांगितलं तरी ब्रेक दाबायला गाडीत कोणी नाही.

बरं, ईएससी आहे असं धरू. तरी काम सोपं होत नाही. गाडीतले सगळे छोटे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ते कॅन बस नावाच्या तारांवरून. बॉश कंपनीने ही पद्धत १९८६ साली जगासमोर आणली. तेव्हा कोणी बाहेरचा येऊन या तारेवर बोलेल असं कुणाच्या डोक्यात नव्हतं. त्यामुळे मूळ कॅन बसवर 'हा निरोप कोणी पाठवला' याची ओळख पटवायची सोयच नाही. बाहेरून जोडलेल्या डबीने चुकीचा निरोप टाकला, तर गाडी तो खरा मानू शकते. ऐंशीच्या वेगात कोणी चुकून 'ब्रेक' म्हणालं आणि मागे कोळशाचा ट्रक असला, तर काय होईल ते सांगायला नको.

"पण यूट्यूबवर तर एकाने बसवलंय!"

हो, मीही पाहिलंय. जगात हे करणारे लोक आहेत. सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे जॉर्ज हॉट्झ याची कॉमा एआय ही अमेरिकन कंपनी. २०१६ मध्ये ते ९९९ डॉलरची एक डबी विकायला काढणार होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या वाहन सुरक्षा खात्याने त्यांना पत्र पाठवून सुरक्षेबद्दल प्रश्न विचारले. हॉट्झने ते उत्पादन रद्द केलं आणि महिनाभरात त्याचं सॉफ्टवेअर, ओपनपायलट, सगळ्यांसाठी मोफत खुलं करून टाकलं. ते आजही चालतं, त्याचे चाहतेही खूप आहेत.

पण त्या व्हिडिओत एक गोष्ट पटकन कळत नाही. ओपनपायलट ज्या गाड्यांवर चालतं, त्यांच्यात कंपनीनेच लेन सांभाळणारी आणि समोरच्या गाडीनुसार वेग ठेवणारी यंत्रणा आधीच दिलेली असते. म्हणजे त्या गाडीला ब्रेक दाबणारा पाय आणि स्टिअरिंग फिरवणारे हात आधीपासून आहेत. ही डबी फक्त मूळ कॅमेऱ्याच्या जागी जास्त हुशार डोकं बसवते. निसान लीफचंच उदाहरण घ्या. ज्या लीफमध्ये कंपनीची प्रोपायलट ही यंत्रणा आहे तिच्यावर ते चालतं. सुरुवातीच्या जुन्या लीफवर नाही.

त्यामुळे आपल्या २०२० च्या साध्या ईव्हीला तो व्हिडिओ लागू होत नाही, राजेहो.

मग काय बसतं? नागपूरच्या बस बघा

आता चांगली बातमी. फक्त इशारा देणारी यंत्रणा जुन्या गाडीत बसवणं हा प्रयोग आपल्या शेजारीच झालाय. नागपुरात २०२१ मध्ये आय-रास्ते नावाचा प्रकल्प सुरू झाला. इंटेल, हैदराबादची ट्रिपल आयटी आणि तिथलं आयनाय हे संशोधन केंद्र, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, महिंद्रा आणि नागपूर महानगरपालिका असे सगळे त्यात होते. शहरातले अपघात ५० टक्क्यांपर्यंत कमी करायचे हे उद्दिष्ट ठेवलं होतं.

त्यांनी काय केलं? नव्या बस घेतल्या नाहीत. रस्त्यावर धावणाऱ्या शहर बसच्या काचेवर टक्कर टाळण्याचा इशारा देणारे कॅमेरे बसवले. समोरची गाडी फार जवळ आली, पादचारी आडवा आला, बस लेन सोडायला लागली, की ड्रायव्हरला आवाज. ब्रेक मात्र ड्रायव्हरच्याच पायाखाली.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. प्रत्येक इशारा कुठे वाजला याची जागा नोंदवली जात होती. एकाच चौकात रोज इशारे वाजत असतील, पण अपघात अजून झाला नसेल, तर ती जागा उद्याचा ब्लॅक स्पॉट होऊ शकते. अशा जागांना त्यांनी ग्रे स्पॉट म्हटलं. म्हणजे माणूस मरायची वाट न बघता रस्ता दुरुस्त करता येईल. नंतर तेलंगणातही एसटीसारख्या बसवर हे काम नेलं गेलं.

आपल्या कारमध्ये बसणारी यंत्रणा याच जातीची. महाग प्रकारात मोबाइलआय या इस्रायली कंपनीच्या तंत्रज्ञानाचे कॅमेरे येतात. ही कंपनी १९९९ मध्ये सुरू झाली आणि २०१७ मध्ये इंटेलने ती विकत घेतली. स्वस्त प्रकारात एडासचा इशारा देणारे डॅशकॅम येतात. दोन्हींच्या अचूकतेत फरक आहे, पण काम एकच: बघणं, ठरवणं आणि ओरडणं.

२.७ सेकंदांचं गणित

आता या भागातली सगळ्यात कामाची गोष्ट. मोबाइलआयच्या अशा यंत्रणेत टक्करीचा इशारा जास्तीत जास्त २.७ सेकंद आधी मिळतो. हे पुरेसं आहे का? चला, मोजू.

समोर ट्रॉली उभी आहे असं धरा. इशारा ऐकून पाय ब्रेकवर जायला साधारण दीड सेकंद लागतो. कोरड्या डांबरावर चांगले टायर असलेली गाडी जोरात ब्रेक मारल्यावर दर सेकंदाला सुमारे ७ मीटर प्रति सेकंद इतका वेग कमी करते, असं धरू.

वेग ताशी ४० किलोमीटर असेल तर २.७ सेकंदांत गाडी ३० मीटर जाते. थांबायला लागतात सुमारे २५ मीटर. वाचलो.

वेग ६० असेल तर २.७ सेकंदांत ४५ मीटर. थांबायला लागतात ४५ मीटर. बंपर टेकता टेकता वाचलो.

वेग ८० असेल तर २.७ सेकंदांत ६० मीटर. थांबायला लागतात ६८ ते ६९ मीटर. धडकलो. आणि हळू नाही, जवळजवळ ताशी ४० च्या वेगाने धडकलो.

यंत्र तेच, ड्रायव्हर तोच, इशाराही वेळेवर. फरक फक्त वेगाचा. आणि यात एक गृहीत आहे की कॅमेऱ्याला ट्रॉली दिसली. रात्री कॅमेऱ्याला तेवढंच दिसतं जेवढं तुमचे हेडलाइट दाखवतात. डिपरवर साधारण ४० ते ६० मीटर. म्हणजे बिनलाइटची ट्रॉली असेल तर ८० च्या वेगात २.७ सेकंदांचा पूर्ण इशारा मिळेलच याचीही खात्री नाही.

म्हणून माझा नियम आता ठरलाय. अंधार पडला, समोरून गाड्या येतायत, डिपरवर चाललोय, तर ६०. कॅमेरा असो वा नसो. यंत्र बसवल्यावर आपण वेग वाढवला, तर त्याने दिलेला सगळा वेळ आपणच खाऊन टाकतो.

इथे ईव्हीचा एक छोटा फायदा आहे. इशारा वाजताच अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की रिजनरेशनमुळे गाडी लगेच मंदावते, पाय ब्रेकवर पोहोचायच्या आधीच. पण बॅटरी १०० टक्के भरलेली असेल तर रिजनरेशन कमी मिळतं, कारण वीज परत घ्यायला बॅटरीत जागाच नसते. चार्जरवरून निघाल्यावर पहिले काही किलोमीटर हे लक्षात ठेवा.

कॅमेऱ्याने कधी कापसाची ट्रॉली पाहिलीय का?

कॅमेऱ्यामागचं सॉफ्टवेअर लाखो फोटो बघून शिकतं. परदेशातल्या रस्त्यांचे फोटो बघून शिकलेल्या सॉफ्टवेअरला कारची पाठ, ट्रकची पाठ, सायकल, माणूस हे चांगलं ओळखता येतं. पण बैलगाडी? चार बाजूंनी फुगलेला कापूस? रस्त्याच्या मधोमध बसलेल्या म्हशी?

हाच प्रश्न घेऊन ट्रिपल आयटी हैदराबाद आणि इंटेल यांनी २०१८ मध्ये इंडियन ड्रायव्हिंग डेटासेट नावाचा फोटोंचा संग्रह काढला. हैदराबाद आणि बंगळुरू परिसरातल्या १८२ प्रवासांतून घेतलेले सुमारे १०,००० फोटो, आणि त्यातली प्रत्येक वस्तू ३४ प्रकारांत ओळखून खुणा केलेली. त्यात ऑटोरिक्षा हा वेगळा प्रकार आहे, जनावरं आहेत. डांबराच्या बाजूची मातीची जागा, जिथे गाडी जायला नको पण जाऊ शकते, तिलाही वेगळा प्रकार दिलाय. आपल्याकडे रस्ता कुठे संपतो आणि शेत कुठे सुरू होतं हे ठरवणंही अवघड, हे त्यांनी मान्य केलं.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. माझा कॅमेरा कार, ट्रक, एसटी यांना बहुतेक वेळा बरोबर ओळखतो. मोटारसायकलला दिवसा ओळखतो, रात्री कधी कधी. रोही आडवी आली तेव्हा तो गप्प होता, ब्रेक मीच मारला. लेनचा इशारा हायवेवर चालतो, पण आमच्या गावाकडच्या फाट्यावर वळलं की पांढरी पट्टीच नाही, तर तो बोलणार काय! आणि यवतमाळच्या बाजारात तो इतका ओरडतो की आईनेच एकदा विचारलं, "याला बंद करता येत नाही का रे?" गावात मी आवाज कमी करतो. हायवेला लागलो की वाढवतो.

माझी फजिती: बॅटरी ८० टक्के, गाडी बंद

बसवताना माझ्याकडून एक चूक झाली. ती तुम्ही करू नका.

वायरिंगवाल्याने कॅमेऱ्याची तार कायम चालू असलेल्या फ्यूजवर जोडली. गाडी उभी असतानाही रेकॉर्डिंग चालू राहील, चोरी झाली तर दिसेल, असं तो म्हणाला. मलाही बरं वाटलं. मग मी पाच दिवस गावाला गेलो. परत आलो तर गाडी उघडेना. दाराचं बटण दाबतोय, काही नाही. मोबाइलवर आधी पाहिलेलं आठवत होतं, बॅटरी ८० टक्के. एवढी वीज पोटात घेऊन गाडी मेल्यासारखी उभी!

झालं असं की ईव्हीत दोन बॅटऱ्या असतात. एक मोठी, चाकं फिरवणारी. दुसरी साधी १२ व्होल्टची, आपल्या जुन्या मारुतीत असायची तशी. दारं, लाइट, कॉम्प्युटर आणि मोठ्या बॅटरीला 'जागी हो' सांगणारा स्विच, हे सगळं त्या लहान बॅटरीवर. गाडी चालू असताना मोठी बॅटरी लहानीला चार्ज करते. गाडी बंद असताना तसं होईलच असं नाही.

हिशोब करा. कॅमेरा पाव अँपिअर ओढतो असं समजा. दिवसाचे ६ अँपिअर तास. पाच दिवसांचे ३०. लहान बॅटरी ३५ ची असेल तर संपलीच की. शेवटी दुसरी १२ व्होल्टची बॅटरी लावून गाडी जागी केली.

आता तार अशा फ्यूजवर आहे जो गाडी बंद केली की बंद होतो. उभ्या गाडीतलं रेकॉर्डिंग हवंच असेल तर व्होल्टेज कमी झालं की आपोआप बंद होणारी जोडणी घ्या. तार कापून जोड मारू देऊ नका, फ्यूज टॅप वापरायला सांगा. आणि ईव्हीत नारंगी रंगाच्या जाड केबल दिसल्या तर तिकडे हातसुद्धा न्यायचा नाही. त्या शेकडो व्होल्टच्या असतात. तुमच्या गाडीत पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असेल तर काचेच्या बाजूच्या खांबातून तार नेताना ती एअरबॅगच्या समोर येऊ देऊ नका.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवर नोंदवलेल्या, कंपनीने मुळात दिलेल्या गोष्टींशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. काचेला चिकटवलेला कॅमेरा गाडीच्या रचनेला हात लावत नाही. ब्रेक आणि स्टिअरिंगच्या तारांत घुसणारी डबी मात्र वेगळी गोष्ट आहे. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न त्याच डबीबद्दल विचारेल. गाडी वॉरंटीत असेल तर कॅमेऱ्याची जोडणी करण्याआधीही सर्व्हिस सेंटरला लेखी विचारून घ्या.

घ्यायला जाताना हे विचारा

एक, इशारा किती सेकंद आधी देतो आणि ती वेळ बदलता येते का. दोन, वेग कुठून घेतो. जीपीएसवरून घेत असेल तर झाडीत किंवा पुलाखाली थोडा चुकू शकतो. तीन, इंडिकेटर दिल्यावर लेनचा इशारा गप्प बसतो का. बसत नसेल तर दोन दिवसांत वैतागून बंद कराल. चार, रात्री चालवून दाखवतो का. दुकानदार दिवसा दाखवतो, आपल्याला गरज रात्रीची. पाच, मागच्या बाजूचा ब्लाइंड स्पॉट रडार घेत असाल तर बंपरला पुट्टी आणि जाड रंग लावलेला आहे का. त्याने रडारला कमी दिसतं.

आणि बसवल्यावर समोरची काच आतून-बाहेरून पुसा. धुळकट काचेमागचा कॅमेरा म्हणजे मोतीबिंदू झालेला डोळा. हेडलाइट नीट लावून घ्या. हे जवळजवळ फुकट आहे आणि कॅमेऱ्याच्या निम्मं काम करतं.

शेवटी, मामाची ट्रॉली

हा सगळा अभ्यास करून झाल्यावर मला एक गोष्ट खटकत राहिली. माझ्या गाडीत मी कितीही डोळे बसवले, तरी समोरची ट्रॉली अंधारातच आहे. आणि ती ट्रॉली कोणाची? माझ्या मामाचीही तशीच आहे. दसऱ्यापासून फेब्रुवारीपर्यंत तोही कापूस घेऊन जिनिंगला जातो. रांगेत नंबर लागायला रात्र होते, परत येताना अंधार.

मी रेडियमच्या पट्ट्यांचे रोल घेऊन गावाला गेलो. मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी, असा नियमच आहे. मामा म्हणाला, "काहून बे, गाडी तुही अन् पट्टी माह्या ट्रॉलीले?" मी त्याला रात्री माझ्या गाडीत बसवलं, ट्रॉली शंभर मीटरवर उभी केली आणि डिपर लावला. पट्ट्या लखलख चमकल्या. मग कापूस भरतात तशी ताडपत्री मागे सोडली आणि पुन्हा डिपर लावला. वरच्या सगळ्या पट्ट्या गायब. फक्त चाकाजवळच्या खालच्या दांडीवरच्या चमकत होत्या. मामा काही वेळ गप्प बसला. दुसऱ्या दिवशी त्याने शेजारच्या दोन ट्रॉल्यांना स्वतः पट्ट्या लावल्या, खालच्या दांडीवर, जिथे कापूस येत नाही.

शंभर मीटर म्हणजे ८० च्या वेगात साडेचार सेकंद. माझ्या कॅमेऱ्याच्या २.७ पेक्षा जास्त. शिवाय ही पट्टी फक्त माझ्याच गाडीला नाही, मागून येणाऱ्या प्रत्येकाला दिसते, त्याच्याकडे एडास असो, नसो, किंवा नुसती लुना असो.

कॅमेरा मी काढलेला नाही. आईला घेऊन अजूनही नागपूरला जातो. एसटीचा विषय तिने पुन्हा काढला नाही, पण मागच्या वेळी कळंब सोडल्यावर तिने मीटरकडे बघितलं. ५८ होता.

तुमच्या गाडीत काही बसवलं असेल तर कुठली गाडी, कसली जोडणी आणि रात्री कितपत चालतं, ते व्हॉइस मेसेज करून सांगा. पुढच्या भागात त्यातले निवडक ऐकवतो. आणि गावात कोणाची ट्रॉली असेल, तर हा भाग त्यांनाही पाठवा. भेटू पुढच्या भागात, सांभाळून चालवा!